नकळत घडले त्याचा दोष कोणावर?

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका आमच्या पुष्कळ वाचकांनी नकाशावरही पाहिला नसेल. खानापूरकडून गोव्याला उतरताना लागणारा हा रानाचा मुलूख. जुने लोक त्यास अजून सुपे तालुका म्हणतात. ते सुपे गाव काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तेथील कितीतरी कुटुंबे रामनगरला येऊन वसली. या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुणबी बांधवांस कोणता कंद उकडून खावा, कोणता भाजून खावा आणि कोणत्यास हातही लावू नये, हे लहानपणापासून ठाऊक असते. पाऊस लागला की वारुळांच्या कडेने अळंबी उगवतात. त्या दिवसांत घराघरांतून अळंबीच्या आमटीचा वास येतो, आणि मटणाची आठवणही कोणास होत नाही.

२००९ सालच्या श्रावणातील गोष्ट. आमच्या लहानशा मंडळीतील एक बंधू लाकडाच्या वखारीत कामास होते. त्यांची पत्नी मिरजेकडची. रानाची तिला ओळख नव्हती. दहा वर्षांच्या मुलाने शाळेतून येताना टोपीभर अळंबी आणल्या. काही वारुळापाशी मिळाल्या, काही गुरे चरतात त्या माळावर. आईने कौतुकाने निवडल्या, नारळ वाटून आमटी केली. मुलाने हट्टाने ताकभात खाल्ला. बाप आमटीभात जेवला. बाई शेवटी जेवते, तशी ती मागे राहिली, आणि म्हणूनच वाचली.

अर्ध्या तासात तो बंधू हसू लागला. हसता हसता रडू लागला. भिंत श्वास घेते आहे, दिव्याला रंग फुटले आहेत, असे म्हणत तो भर पावसात अंगणात जाऊन लोळला. शेजारी जमले. कोणी म्हणाले, प्यायला आहे. कोणी म्हणाले, रानातले काही लागले. आम्हांस बोलावणे आले ते भूत काढण्यासाठी! आम्ही पोहोचलो तेव्हा तो बायकोचा हात धरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून धाकट्या भावाचा वाटा आपण दिला नाही, भावाला खोटा हिशेब दाखवला, ही ती गोष्ट. अंगणभर लोक ते ऐकत होते.

शेजारच्या एका वृद्ध कुणबी बाईने मात्र चुलीपाशी जाऊन अळंबीचे निवडून टाकलेले देठ पाहिले आणि सगळ्यांस गप्प केले. हे शेणावरचे आहे, खायचे नव्हे, असे ती म्हणाली. जीप मिळवून त्यास दवाखान्यात नेले. पहाटेपर्यंत तो शुद्धीवर आला. जिवावरचे टळले.

आता खरी गोष्ट सुरू होते. पुढच्या आठवड्यात मंडळीच्या वडिलांची सभा भरली. प्रश्न असा होता की, ज्या माणसाचा असा तमाशा सगळ्या वस्तीने पाहिला, त्यास प्रभुभोजनास बसू द्यावे काय? आमच्या हाती ईश्वरज्ञानाची पदविका नुकतीच पडली होती. मंडळीची साक्ष, बाहेरच्यांपुढे चांगले नाव, असे मोठे शब्द आम्ही वापरले, आणि त्यास एक महिना बाहेर ठेवावे या ठरावास हात वर केला. ठराव मंजूर झाला.

त्या रविवारी शब्बाथशाळा सुटल्यावर तो मुलगा आमच्याजवळ येऊन उभा राहिला. त्याने विचारले, "अळंबी मी आणल्या. मग बाबांना का बाहेर बसवलं?"

आम्ही त्यास काहीतरी गुळमुळीत सांगितले. तो मुलगा आज कर्ता पुरुष आहे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास आम्हांस इतकी वर्षे लागली. हा लेख म्हणजे ते उत्तर समजावे.

हे आपल्याच गावी घडलेले नाही

अन्नातून नकळत धुंदी चढणे ही गोष्ट मनुष्यजातीइतकी जुनी आहे. ख्रिस्तपूर्व ४०१ च्या सुमारास ग्रीक सेनानी क्सेनोफोन आपले सैन्य घेऊन काळ्या समुद्राकडे परतत होता. तेथल्या गावांत शिपायांनी पोळी काढून मध खाल्ला. थोडा खाल्ला ते प्यायल्यासारखे झाले, फार खाल्ला ते वेड्यासारखे. लढाई हरल्यावर पडावीत तशी माणसे जमिनीवर पडली होती. कोणी मेले नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळे उठले. त्या भागात ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांतून विषारी रस मधात उतरतो.

लंडन शहरात ३ ऑक्टोबर १७९९ रोजी एका गरीब बापाने ग्रीन पार्क नावाच्या बागेत सकाळी भूछत्रे वेचली आणि पीठ, मीठ, पाणी घालून मुलाबाळांसाठी रांधली. तासाभरात बापाच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके व रंगांच्या झळा येऊ लागल्या. मदत आणावयास निघाला, तो कोठे जातो आहे हेच विसरला. आठ वर्षांचा एक मुलगा हसत सुटला. आईबापांनी दटावले तरी त्याचे हसू थांबेना. एव्हरर्ड ब्रांड नावाच्या डॉक्टरने हा वृत्तांत वैद्यकीय मासिकात छापला. पुढे शास्त्रज्ञांनी त्या भूछत्राची जात ओळखली. त्यांतील द्रव्यास आज सिलोसायबिन म्हणतात. अल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९५८ साली ते वेगळे काढून दाखविले. त्या मुलाचे हसणे वाचताना आम्हांस जोयड्याचे ते अंगण आठवल्याशिवाय राहत नाही.

अमेरिकेतील जेम्सटाउन येथे १६७६ साली बंड मोडण्यास आलेल्या काही शिपायांनी धोतऱ्याच्या जातीच्या झाडाचा कोवळा पाला भाजी म्हणून उकडून खाल्ला. अकरा दिवस ते खुळ्यासारखे वागले. एकजण पीस हवेत फुंकीत बसे. त्यांनी स्वतःस इजा करून घेऊ नये म्हणून त्यांस कोंडून ठेवले. शुद्धीवर आल्यावर त्यांस यातले काही आठवत नव्हते.

आमच्या शेजारच्या गोव्यात १५६३ साली गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने औषधी वनस्पतींवरील आपला ग्रंथ छापला. त्यात धोतऱ्याविषयी संवाद आहे. धोतरा पोटात गेलेला माणूस हसत राहतो, आणि मागेल त्यास हातचे देऊन टाकतो, म्हणून चोर त्याचा उपयोग करतात, असे त्यात सांगितले आहे. येथे खाणारा अजाण आहे, पण खाऊ घालणारा सर्व जाणतो. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडेल.

बुरशी काही छत्रीच्याच रूपाने येते असे नाही, ती धान्यातूनही येते. युरोपात मध्ययुगात राय नावाच्या धान्यावर अरगट पडे. ती भाकरी खाणाऱ्यांचे हातपाय जळत, काळे पडून झडत, आणि काहींस झटके व भास होत. लोक त्यास संत अँटनीचा अग्नी म्हणत. रोग कशाने होतो हे कोणास माहीत नव्हते. परंतु अकराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये निघालेल्या अँटनीच्या बंधुसंघाने या रोग्यांसाठी दवाखाने उघडले. तेथे त्यांस चांगली भाकरी मिळे, आणि खराब धान्य सुटल्यामुळे कित्येक बरेही होत. इझेनहाइम येथील या संघाच्या मठासाठी ग्रुनेवाल्ड या चित्रकाराने १५१२ ते १५१६ च्या दरम्यान वधस्तंभाचे जे प्रसिद्ध चित्र काढले, त्यात ख्रिस्ताचे अंग जखमांनी व काट्यांनी भरलेले दाखविले आहे. रोग्याने वर पाहावे आणि हा माझ्यासारखाच आहे असे त्यास वाटावे! त्या बंधूंस कारण कळले नव्हते, तरी त्यांनी दार लावले नाही. आम्हांस तर कारण कळले होते, आणि आम्ही दार लावले.

आपल्या मुलखातही हे झालेले आहे. १९५६-५७ साली त्या वेळच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगट पडलेली बाजरी खाऊन लोकांस मळमळ, ओकाऱ्या, घेरी व सुस्ती आली. डॉक्टरांनी त्याचा अहवाल १९५८ साली प्रसिद्ध केला. बाजरीचे बी मिठाच्या पाण्यात टाकावे, वर तरंगेल ते काढून टाकावे, असे शेतकऱ्यांस शिकविले जाते ते याच कारणाने. कोकणातील हरीक, ज्यास अन्यत्र कोद्रा म्हणतात, त्यावर विशिष्ट बुरशी आली की खाणाऱ्यास झिंग येते. ऑक्टोबर २०२४ अखेर मध्यप्रदेशातील बांधवगड येथे दहा हत्ती मेले. त्यांच्या पोटात असल्या कोद्र्याचे विष सापडले. हत्तीस काय कळते? आणि भुकेल्या माणसाने घरातले धान्य टाकून तरी काय खावे?

जाणून घेणारे

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर लेख एकांगी होईल. काही लोकांनी अशी भूछत्रे जाणूनबुजून, आणि तीही धर्मबुद्धीने, खाल्ली. सोळाव्या शतकात मेक्सिकोतील देशी लोकांत ही चाल होती, याची नोंद बेर्नार्दिनो द साहागुन या स्पॅनिश धर्मगुरूने करून ठेवली आहे. त्याच देशातील हुआउत्ला गावी मारिया साबिना नावाची एक बाई रोग्यांसाठी रात्रभर प्रार्थना करी आणि त्यात भूछत्रे वापरी. १९५५ साली गॉर्डन वॉसन हा अमेरिकन गृहस्थ तेथे बसला आणि १९५७ साली त्याने एका मोठ्या साप्ताहिकात त्याचा वृत्तांत दिला. मग परदेशी तरुणांच्या झुंडी मजा पाहण्यास त्या डोंगरी गावात शिरल्या. गावकरी चिडले, त्या बाईचे घर जळले. आपण या परक्यांस आत घेतले याचे तिला पुढे दुःख झाले. १९८५ साली ती गरिबीतच वारली.

१९६२ सालच्या उत्तम शुक्रवारी बोस्टन विद्यापीठाच्या उपासनामंदिरात वॉल्टर पान्के याने एक प्रयोग केला. ईश्वरज्ञानाच्या वीस विद्यार्थ्यांपैकी दहांना सिलोसायबिन दिले, दहांना दुसरे साधे औषध दिले, आणि सर्वांनी हॉवर्ड थर्मन यांची उपासना ऐकली. धुंदीतील बहुतेकांस गाढ धार्मिक अनुभव आल्यासारखे वाटले, आणि पाव शतकानंतरही त्यांपैकी पुष्कळांनी त्यास मोल दिले. परंतु त्यांतील एकजण आपणांस जगाला शांतीची वार्ता सांगावयाची आहे असे समजून रस्त्यावर धावत सुटला, आणि त्यास धरून आणून औषध देऊन शांत करावे लागले.

या द्रव्याचा उपयोग खिन्नतेच्या रोग्यांस होईल काय, याची तपासणी आज काही देशांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू आहे. आपल्या देशात मात्र ते १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्याखाली येते. त्या वादात आम्ही शिरत नाही. आम्हांस त्यातून एवढेच घ्यावयाचे आहे की, अनुभव कशाने आला एवढ्यावरून तो खरा की खोटा हे ठरत नाही. तापातही माणूस खरे बोलतो, आणि शुद्धीत असताना खोटा हिशेब लिहितो. योहानाने आपल्या पहिल्या पत्रात आत्म्यांची परीक्षा करावयास सांगितले आहे, आणि प्रभूने झाड फळावरून ओळखावयास सांगितले आहे. बी कोठल्या वाऱ्याने आले हे त्याने विचारले नाही.

न्याय काय म्हणतो?

अरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात दोन माणसे वेगळी केली आहेत. एक अज्ञानामुळे करतो, दुसरा अज्ञानाच्या अवस्थेत करतो. पहिल्यास काय घडते हे कळण्याचा मार्गच नव्हता. दुसरा स्वतः दारू पिऊन बेशुद्ध झाला, म्हणजे आपल्या अज्ञानाचे कारण तोच आहे. पहिल्याची खूणही अरिस्टॉटल देतो. त्यास कळल्यावर दुःख होते. ज्यास दुःख होत नाही त्यास आपण निर्दोष कसे म्हणावे?

आपल्या देशाच्या कायद्यात हाच विचार आहे. जुन्या दंडसंहितेचे ८५ वे कलम आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे २३ वे कलम असे सांगते की, नकळत किंवा इच्छेविरुद्ध धुंदी चढवली गेल्यामुळे ज्यास आपण काय करतो हे समजण्याची शक्तीच उरली नाही, त्याच्या हातून त्या स्थितीत घडलेले कृत्य गुन्हा ठरत नाही. स्वतः होऊन प्यायलेल्यास ही सवलत नाही. म्हणजे ज्या माणसास सरकारचे न्यायालय सोडून देईल, त्यास आम्ही वडिलांच्या सभेत बाहेर बसवले!

पवित्र शास्त्र काय म्हणते?

शास्त्रातील चार ठिकाणे आम्ही वाचकांपुढे ठेवतो. ती उघडून वाचावी.

पहिले, २ राजे अध्याय ४. गिलगालात दुष्काळ होता. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकजण भाजी शोधण्यास रानात गेला आणि अनोळखी वेलीची फळे ओटीभर घेऊन आला. ती हंड्यात चिरून घातली. खाताना विष आहे हे कळले आणि सर्व ओरडले. अलीशाने काय केले? ती फळे कोणी आणली, असे त्याने विचारल्याचे शास्त्रात कोठेही नाही. त्याने पीठ मागवले, हंड्यात घातले आणि लोकांस जेवू घातले. ज्या शिष्याने फळे आणली त्याचे नाव शास्त्रात लिहिलेले नाही, आणि त्यास बोल लावल्याचा शब्दही नाही.

दुसरे, उत्पत्ती अध्याय ९. नोहाने द्राक्षमळा लावला, द्राक्षारस प्याला आणि तंबूत उघडा पडला. क्रिसोस्तोम या जुन्या मंडळीपित्याने नोहाची बाजू घेतली आहे. द्राक्षांचा मळा लावणारा तो पहिलाच, तेव्हा द्राक्षारसाचा गुण त्यास कोठून माहीत असणार, असे तो म्हणतो. दोष हामाकडे येतो. त्याने पाहिले आणि बाहेर जाऊन सांगितले. शेम व याफेथ पाठमोरे आत गेले आणि बापावर वस्त्र घातले. धुंदीत पडलेला माणूस दिसला म्हणजे आपली परीक्षा सुरू होते. आपण बाहेर जाऊन सांगतो की वस्त्र घेऊन आत जातो? २००९ सालच्या त्या सभेत आम्ही हामाच्या रांगेत बसलो होतो.

तिसरे, अनुवाद अध्याय १९. दोघे शेजारी लाकडे तोडण्यास रानात जातात, कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते आणि शेजारी मरतो. अशा माणसास पळून जाण्यासाठी शरणपुरे नेमली होती. नाशिकजवळच्या शरणपुराचे नाव तेथूनच आले. परंतु त्याच ग्रंथाचा २२ वा अध्याय सांगतो की, नवे घर बांधशील तर धाब्याला कठडा कर, नाही तर कोणी पडल्यास रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. निसटलेल्या पात्यास क्षमा आहे. कठडा न बांधण्यास नाही.

चौथे, लेवीय अध्याय ४. कोणाच्या हातून नकळत पाप घडले तर काय करावे, हे तेथे सविस्तर आहे. वाचकांनी त्यातील क्रम पाहावा. आधी घडते, मग कळते, मग तो अर्पण घेऊन येतो. नकळत घडले म्हणून ते नाहीसे झाले असे शास्त्र म्हणत नाही. मात्र त्या माणसाची जबाबदारी ते कळल्याच्या क्षणापासून मोजते. प्रभूनेही लूक १२ मध्ये धन्याची इच्छा जाणणारा चाकर आणि न जाणणारा चाकर यांस एकच माप लावले नाही.

या चारही ठिकाणांचे सार आम्हांस असे दिसते. जे कळण्याचा मार्ग नव्हता त्याचा दोष नाही. कळल्यावर आपण जे करतो ते मात्र सर्वस्वी आपले असते.

त्या महिन्यात काय झाले

आता त्या बंधूकडे परत येऊ. शुद्धीवर आल्यावर त्यास एक वाट मोकळी होती. मी धुंदीत होतो, माझ्या बोलण्यास अर्थ नाही, एवढे म्हटले असते तर कोणी प्रश्न केला नसता. भिंत श्वास घेत नव्हती, तसा तो खोटा हिशेबही भास होता, असे सांगून तो सुटला असता. त्याने तसे केले नाही. ज्या महिन्यात आम्ही त्यास बाहेर बसवले, त्याच महिन्यात त्याने पत्नीच्या बांगड्या गहाण ठेवल्या, बेळगावास जाऊन धाकट्या भावाचा वाटा त्याच्या हाती दिला आणि त्याची क्षमा मागितली. आम्हांस हे नंतर कळले, तेही भावाकडून.

अळंबीने त्यास पश्चात्ताप दिला असे आम्ही म्हणत नाही. पश्चात्ताप अंगणात झाला नाही. तो दुसऱ्या दिवशी झाला, तिसऱ्या दिवशी झाला, बांगड्या सोडवायला लागलेल्या दोन वर्षांत रोज झाला. धुंदीत फक्त झाकण उडाले होते. झाकण पुन्हा लावणे त्याच्या हाती होते, आणि त्याने ते लावले नाही.

त्याच्या पत्नीविषयी लिहिताना आमची मान खाली जाते. तिच्यावर कोणी ठराव केला नव्हता. तरीही त्या महिन्यात ती प्रभुभोजनास पुढे आली नाही, मागच्या बाकावर नवऱ्याशेजारी बसून राहिली. माझ्या हातचे खाऊन त्यांना झाले, मग मी कशी पुढे येऊ, असे ती आमच्या घरी म्हणाली. तीन माणसे तीन दोष वाहत होती. मुलाला वाटे आपण आणले, आईला वाटे आपण रांधले, बापाला वाटे आपण तमाशा केला. वास्तविक त्या दिवसाचा दोष तिघांपैकी कोणावरच नव्हता. ज्यांच्यावर होता ते आम्ही समोरच्या खुर्च्यांवर बसलो होतो.

१ शमुवेलाच्या पहिल्या अध्यायात हन्ना मंदिरात प्रार्थना करीत असते. ओठ हलतात, आवाज येत नाही. एली याजक तिला प्यायलेली समजून दटावतो. पण तिने सांगताच तो आपला शब्द मागे घेतो आणि तिला आशीर्वाद देऊन पाठवतो. आमच्या सभेतील सर्वांत वयोवृद्ध वडिलांनी महिना संपल्यावर हाच भाग वाचला आणि काही न बोलता पुस्तक मिटले. त्या संध्याकाळी आम्ही त्या घरी गेलो. चहा झाला. क्षमा मागताना आमची सगळी पदविका घशात अडकली. तो बंधू एवढेच म्हणाला, "तुम्हाला माहीत नव्हतं." त्याने आम्हांस जी सवलत दिली ती आम्ही त्यास दिली नव्हती. आणि आमच्या बाबतीत ती खरीही नव्हती, कारण अळंबीची गोष्ट आम्हांस सभेआधीच माहीत होती.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस

कठडा बांधण्याविषयी वर लिहिले, तेव्हा थोडा कठडा येथे बांधतो. पावसाळ्यात मुलांस हे अवश्य सांगावे. रानातील भूछत्र जाणत्या माणसास दाखविल्यावाचून घरात आणू नये, आणि जाणत्यासही शंका वाटली तर टाकून द्यावे. चांदीचे नाणे काळे पडते की नाही, किडे खातात की नाही, असल्या कसोट्या खोट्या आहेत. सर्वांत घातक जातींचे विष शिजवून जात नाही. त्यांचा त्रास खाल्ल्यावर सहा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतो, मध्ये बरे वाटते, आणि आतून यकृत निकामी होत असते. म्हणून त्रास होवो वा न होवो, शंका येताच दवाखाना गाठावा आणि उरलेली भाजी किंवा निवडून टाकलेले तुकडे बरोबर न्यावे. माणूस भ्रमात बोलत असेल तर त्यास एकटे सोडू नये, मारू नये, भूत काढीत बसू नये. प्रार्थना जीपमध्येही करता येते. आणि तो जे बोलेल ते दुसऱ्या घरी नेऊ नये.

वर्गात चर्चेसाठी एक प्रश्न घ्यावा. हंड्यात फळे घालणाऱ्या त्या शिष्यास अलीशाने नंतर पुन्हा भाजी आणावयास रानात पाठविले असेल काय? शास्त्र सांगत नाही. मुले काय म्हणतात ते ऐकावे.

आमचे म्हणणे असे की, पाठविले असेल, आणि या वेळी कोणा जाणत्यास बरोबर दिले असेल. त्या मुलाने आम्हांस विचारले तेव्हा आम्ही हेच म्हणावयास हवे होते: तुझा दोष नाही, तुझ्या बाबांचाही नाही, चूक आमची झाली, आणि पुढच्या पावसात शेजारच्या आजींबरोबर रानात जा, त्या तुला ओळखायला शिकवतील.

तो खरोखरच पुढच्या पावसात आजींबरोबर गेला. हे त्यास आम्ही सांगितले नव्हते. त्या आजींनीच त्यास हाक मारली.